गुडघ्याचा घसारा कोण भरणार?



घसारा हा शब्द आपल्याला नवा नाही. वखराची पास झिजते, पंप जुना होतो, गोठ्याचे पत्रे गंजतात. दरवर्षी त्यांची किंमत थोडी थोडी उतरत जाते. त्या उतरलेल्या किमतीला हिशोबाच्या भाषेत घसारा म्हणतात. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोग कापसाचा आणि ज्वारीचा उत्पादनखर्च काढतो, तेव्हा अवजारांचा आणि शेतातल्या बांधकामाचा घसारा त्यात धरतो. घरच्या माणसांच्या मजुरीचाही एक आकडा धरतो. पण ही सगळी शेती ज्या गुडघ्यांवर उभी आहे, त्या गुडघ्यांच्या घसाऱ्याला त्या कागदावर रकाना नाही.

थट्टेने म्हणतात, अमक्याची अक्कल गुडघ्यात. आम्ही म्हणतो, कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी गुडघ्यात. निंदणाला उकिडवे बसायचे ते गुडघ्यावर. ज्वारीची सोंगणी करायची ती गुडघ्यावर. कापूस वेचताना पऱ्हाटीच्या खालच्या बोंडासाठी दिवसातून शेकडो वेळा वाकायचे, आणि सांजेला भरलेले गाठोडे डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत चालायचे, तेही गुडघ्यावर. पन्नाशी गाठता गाठता हाच गुडघा कुरकुरायला लागतो. साठीत जिना चढवत नाही, पात धरवत नाही, रात्री झोप लागू देत नाही.

या बैठकीसाठी आम्ही हा विषय घेतला त्याला कारण आहे. गुडघा न उघडता, फक्त सुया घालून दुखण्याची नस निकामी करायची आणि माणसाला काही महिने, कधी वर्षभर आराम द्यायचा, असा एक उपचार आता मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत होतो. डॉक्टर त्याला रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन म्हणतात. त्याच्या जाहिरातीही दिसतात. जाहिरातीला भुलू नये, आणि शहरातले आहे म्हणून नाकही मुरडू नये. उपचार काय आहे, किती आहे आणि कुणासाठी आहे, हे नीट समजून घ्यावे. मग तो आपल्या जिल्ह्यात का मिळू नये, हे विचारावे.

झीज वयाची की कामाची?

म्हातारपण आले की गुडघे दुखणारच, असे आपल्याला सांगितले जाते. वयाचा वाटा आहे, यात वाद नाही. वजनाचा आहे, जुन्या दुखापतीचा आहे, घराण्याचाही थोडा आहे. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो. पण कामाचा वाटा मोठा आहे आणि तो मोजला गेला आहे.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात माणसांच्या आरोग्याची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाते. तिथल्या १९९१ सालच्या अभ्यासात दिसले, की ज्या पुरुषांना कामात गुडघे वाकवावे लागत आणि अंगमेहनत करावी लागत असे, त्यांच्यात पुढे गुडघ्याची झीज अधिक होती. चीनमध्ये बीजिंगच्या वयस्क बायकांची तुलना २००१ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या गोऱ्या बायकांशी झाली, तेव्हा बीजिंगच्या बायकांचे गुडघे जास्त झिजलेले निघाले. तरुणपणी दिवसातले किती तास उकिडवे बसण्यात गेले, याचा त्या झिजेशी संबंध असल्याचे २००४ मध्ये पुढे आले.

इंग्लंडात कोळशाच्या खाणीत जमिनीखाली गुडघ्यांवर रांगत काम करणाऱ्यांचे गुडघे लवकर जातात, हे तिथल्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवले होते. सरकारने ते मानायला २००९ साल उजाडले. त्या वर्षी तिथे जमिनीखाली दहा वर्षे काम केलेल्या खाणकामगाराच्या गुडघ्याची झीज हा कामाचा आजार ठरला, आणि त्याला भरपाईचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी घरोघर गालिचे बसवणाऱ्या कामगारांनाही तो लागू झाला. खाणकामगाराचा गुडघा कामाने झिजतो हे मान्य, गालिचे बसवणाऱ्याचाही मान्य. मग चाळीस वर्षे निंदण करणाऱ्या बाईचा गुडघा काय देवाच्या कोपाने झिजतो? आपल्याकडे शेतीच्या कामात अपघात होऊन पाय गेला तर शासनाच्या योजनेत मदत आहे. तोच पाय झिजून झिजून गेला तर काही नाही.

आज आपण काय करतो?

आज आपण करतो ते असे. पहिली काही वर्षे तेल, लेप आणि शेक. मग मेडिकलच्या दुकानातून सुटी गोळी. बहुतेक वेळा ती डायक्लोफिनॅक किंवा तिच्या जातीतली असते. गोळीने दोन दिवस बरे वाटते, म्हणून ती रोजची होते. ती रोज घेतली तर पोटात व्रण होतो, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हात घाम गाळणाऱ्या, दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका आणखी जास्त. हे औषध किती जालीम आहे ते आपण आपल्या आभाळात पाहिले आहे. डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरे मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे पटापट मेली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर देशात बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेतलेली गोळी उपयोगीच असते. पण वर्षानुवर्षे चहाबरोबर गोळी खाणे हा उपचार नव्हे.

दुसरी वाट इंजेक्शनची. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की काही आठवडे आराम पडतो, म्हणून लोक पुन्हा पुन्हा घेतात. अमेरिकेत १४० रुग्णांवर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी असे इंजेक्शन देऊन पाहिले. निकाल २०१७ मध्ये आला. साधे मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा दुखणे काही कमी झाले नाही, उलट गुडघ्यातली कूर्चा अधिक झिजली. तिसरी वाट बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांची. पुडीने चार दिवसांत माणूस पळायला लागला तर समजावे की जडीबुटीच्या नावाखाली आत स्टिरॉइड कुटून घातलेले असू शकते. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आणि शेवटची वाट गुडघा बदलण्याची. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

सुईचा उपचार आहे तरी काय?

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. झिजते ती ही गादी. पण गंमत अशी, की कूर्चेला स्वतःला संवेदनेची नस नसते. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे आवरण आणि आतले अस्तर. म्हणूनच एखाद्याच्या एक्सरेत गुडघा पार गेलेला दिसतो आणि तो माणूस बाजार करून येतो, तर दुसऱ्याच्या एक्सरेत थोडीच झीज असते आणि त्याला उठवत नाही.

हे दुखणे मेंदूपर्यंत पोचवण्याचे काम गुडघ्याभोवतीच्या बारीक नसा करतात. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदनेची. विजेच्या तारेसारखी ती निरोप नेते. या नसांपैकी तीन ठरलेल्या जागी, हाडाला लागून जातात: दोन गुडघ्याच्या वर, आतल्या आणि बाहेरच्या अंगाला, एक गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला. उपचार होतो तो या तीन नसांवर. खाली बाहेरच्या अंगाची नस डॉक्टर सहसा सोडून देतात, कारण तिच्याजवळून पाऊल उचलणारी मोठी नस जाते. तिला धक्का लागला तर पाऊल लुळे पडेल.

आधी परीक्षा होते. या तीन जागी भूल देणारे औषध थोडे थोडे टोचतात आणि माणसाला चालायला, जिना चढायला लावतात. त्या काही तासांत दुखणे निम्म्याने तरी उतरले, तर दुखणे याच नसांतून जाते असे ठरते आणि पुढचा उपचार करतात. उतरले नाही, तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे आहे. मग पुढे जाऊ नये. विहीर खणण्याआधी पाणी बघावे, तशीच ही परीक्षा.

मग खरा उपचार. माणूस टेबलावर जागाच असतो. कातडी बधिर करतात. एक्सरेच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीत बघत बघत लांब सुई नसेजवळ नेतात. सुईच्या टोकातून रेडिओलहरींची वीज सोडली की ते टोक तापते. नेहमीच्या पद्धतीत साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस उष्णता दीड मिनिट देतात. तेवढ्यात नसेचा तो तुकडा भाजून निरोप न्यायचा बंद होतो. टाका नाही, चीर नाही. माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. चार-आठ दिवस सुईच्या जागा ठणकतात, कधी काळेनिळे पडते. पुरा आराम यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. या नसा संवेदनेच्या असल्याने पायाची ताकद जात नाही.

ही विद्या काल-परवाची नाही. चेहऱ्याच्या आणि पाठीच्या जुनाट दुखण्यावर ती १९७० च्या दशकापासून वापरली जाते. गुडघ्यावर तिची पहिली काटेकोर तपासणी दक्षिण कोरियात झाली आणि २०११ मध्ये छापून आली. रुग्ण ३८ होते. निम्म्यांना खरा उपचार दिला, निम्म्यांना सगळे सोपस्कार करून नस मात्र भाजली नाही. तीन महिन्यांनी खरा उपचार झालेल्या १७ जणांपैकी १० जणांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरले होते. खोटा उपचार झालेल्यांत असा एकही नव्हता.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यासाठी अशा एका यंत्राला मान्यता दिली. २०१८ मध्ये तिथल्या १५१ रुग्णांचा अभ्यास छापून आला. सहा महिन्यांनी दुखणे निम्म्याने उतरलेले लोक सुईच्या उपचारात शंभरात ७४ होते, स्टिरॉइडच्या इंजेक्शनात शंभरात १६. उपचार झालेल्यांपैकी जे शेवटपर्यंत तपासणीला येत राहिले, त्यांच्यातल्या शंभरातल्या साधारण ६५ जणांचा आराम वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र हा अभ्यास यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता, हेही ध्यानात ठेवावे. बियाण्याच्या कंपनीने छापलेला उताऱ्याचा आकडा आपण जसा वाचतो, तसाच हा वाचावा: खोटा म्हणून फेकू नये आणि आपल्या वावरात तेवढेच पिकेल असेही धरू नये. पुढच्या सगळ्याच तपासण्यांत निकाल इतका ठळक आलेला नाही. अमेरिकेतल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात या उपचाराची शिफारस केली, पण ती सशर्त. बिनशर्त आणि जोर देऊन शिफारस केली ती व्यायामाची आणि जास्त वजन असेल तर ते उतरवण्याची.

उपचार कुठे थांबतो?

आता आमचे म्हणणे स्पष्ट सांगतो. हा उपचार गुडघा दुरुस्त करत नाही. झिजलेली गादी परत येत नाही, वाकलेला पाय सरळ होत नाही. तो फक्त दुखण्याचा निरोप बंद करतो. आणि भाजलेली नस हळूहळू पुन्हा वाढते. सहा महिन्यांत, वर्षात, कुणाला त्याहून उशिरा दुखणे परत येऊ शकते. तेव्हा उपचार पुन्हा करता येतो, पण खर्चही पुन्हा करावा लागतो.

म्हणजे हा आराम पीककर्जासारखा आहे. हंगाम निभावून नेतो, पण मुदत ठरलेली असते. कर्जाच्या पैशाने कुणी विहिरीला हात घालतो आणि कुणी लग्नात उडवतो. मुदत संपल्यावर दोघांची स्थिती सारखी राहत नाही. दुखणे थांबलेल्या या महिन्यांचेही तसेच आहे.

आम्हाला धास्ती वाटते ती इथेच. दुखणे थांबले की घरातली माणसे म्हणतील, आता माय बरी झाली, चला निंदणाला. दुखणे हा गुडघ्याचा राखणदार आहे. राखणदार झोपवला म्हणजे चोरी थांबली असे होत नाही. दुखत नाही म्हणून पूर्वीसारखेच तासन्‌तास उकिडवे बसले, पूर्वीइतकेच गाठोडे उचलले, तर आत झीज चालूच राहील आणि नस परत जागी होईल तेव्हा हिशोब आणखी वाईट निघेल.

म्हणून दुखणे थांबलेले महिने मांडीच्या स्नायूला ताकद देण्यासाठी वापरावेत. दुखणाऱ्या गुडघ्याने माणूस व्यायाम करू शकत नाही, व्यायाम नाही म्हणून मांडी वाळते, मांडी वाळली म्हणून गुडघ्यावर भार वाढतो. हे रहाटगाडगे तोडायची संधी सुईचा उपचार देतो. त्याची खरी किंमत आमच्या मते ही आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरणे, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठणे, रोज सपाट वाटेवर चालणे, यांना पैसा लागत नाही. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो.

हंगामही बघावा. वेचणी अर्धी असताना घाईने उपचार करून दुसऱ्या आठवड्यात वावरात उतरू नये. वेचणी आटोपल्यावर उन्हाळ्यात केला, तर मृगापर्यंत मांडीत ताकद भरायला वेळ मिळतो.

आणि कामाची पद्धत बदलावी. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे दोन ओळींतले तण काढते, खुरप्याचे काम ओळीपुरते उरते. दहा किलोच्या दोन खेपा वीस किलोच्या एका खेपेपेक्षा गुडघ्याला बऱ्या. घरात जमिनीऐवजी खाटेवर, स्टुलावर बसावे. शौचाला खुर्चीची सोय करावी. यात लाज कसली?

कुणाला हा उपचार आणि कुणाला नाही?

गुडघा गरम होऊन सुजला आणि ताप असेल, तर सुई नाही, आधी तातडीने दवाखाना. हातापायांचे बरेच सांधे सुजतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात, तो आजार वेगळा आणि त्याची औषधे वेगळी. हृदयाला यंत्र बसवलेले असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. क्वचित कातडी भाजते, जागेत पू होतो, कातडीचा एखादा भाग बधिर राहतो. धोका थोडा आहे, पण नाहीच असे कुणी सांगत असेल तर तो विकायला बसला आहे असे समजावे.

गुडघा पार वाकडा झाला असेल, सांधा अडकत असेल, आधाराशिवाय चालताच येत नसेल आणि तब्येत शस्त्रक्रिया झेपणारी असेल, तर सुईवर वर्षे काढण्यात अर्थ नाही. अशांना गुडघा बदलण्याने जो फरक पडतो तो सुईने पडणार नाही. चांगला बसवलेला कृत्रिम सांधा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षे साथ देतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने नेहमीच्या वापरातल्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या घरातून ५४,७२० रुपयांवर आणली. कर मात्र त्यावर वेगळा. शस्त्रक्रियेचा, खाटेचा आणि पुढच्या व्यायामाचा खर्चही त्यात नाही. शिवाय बदललेल्या गुडघ्याने उकिडवे बसू नका असेच डॉक्टर सांगतात, म्हणजे निंदण सुटलेच.

सुईचा उपचार आहे तो मधल्यांसाठी: गोळ्या आणि व्यायाम करून भागत नाही, पण शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, किंवा वेळ आली आहे, पण हृदय, वय, घरची स्थिती ती होऊ देत नाही. आपल्या गावात अशी माणसे किती आहेत, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

बाजारात जाताना

खते-बियाण्यांच्या बाजारात आपण ठेचा खाऊन शहाणे झालो. इथेही तोच शहाणपणा लावावा. उपचार करण्याआधी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. झीज कोणत्या पायरीची आहे आणि मला याची गरज काय? आधी भुलीची परीक्षा करणार का? सुई एक्सरेत किंवा सोनोग्राफीत बघून घालणार का? परीक्षेपासून पुढच्या तपासण्यांपर्यंत सगळा मिळून खर्च किती, तो कागदावर द्याल का? आणि आराम पडला नाही तर पुढे काय? जो डॉक्टर या पाच प्रश्नांची उत्तरे न रागावता देतो, तो कामाचा. कायमचा इलाज, शंभर टक्के खात्री, आजच नाव नोंदवा असे म्हणणाऱ्या शिबिरातून सरळ घरी यावे. यासाठी जमीन गहाण टाकू नये आणि सावकाराच्या दारात जाऊ नये. दुखणे परत येऊ शकते, व्याज मात्र जात नाही.

आपले मागणे

मग गरिबाने काय करायचे? आमचे मत असे, की हा उपचार जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात झाला पाहिजे. त्याला महाल लागत नाही. एक्सरेचा फिरता पडदा मोडलेले हाड जोडायलाही लागतो. सोनोग्राफी लागते, भुलीचा डॉक्टर लागतो. नव्याने लागते ते रेडिओलहरींचे यंत्र, त्याच्या सुया आणि शिकलेला हात. यवतमाळ, अकोला, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथून जिल्हा रुग्णालयांचे डॉक्टर शिकून तयार व्हावेत.

महाराष्ट्रात २०१२ पासून जीवनदायी योजना आहे. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पुढे तीत चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही आले आणि २०२३ च्या निर्णयाने राज्यातली सगळी कुटुंबे तीत घेण्याचे ठरले. आमची मागणी साधी आहे. गुडघ्याच्या कोणत्या उपचाराला, कोणत्या दवाखान्यात, किती पैसे योजनेतून मिळतात, याचा फलक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दारात मराठीत लागावा. जिथे सुईचा उपचार होतो तिथे भुलीची परीक्षा आणि पुढचा व्यायाम शिकवणारा माणूस हे दोन्ही त्याच खर्चात धरावेत. नुसती नस भाजून माणूस सोडून देणे म्हणजे पेरून राखण न करणे.

आणि कृषिमूल्य आयोगाला आमचा रोकडा सवाल आहे. लोखंडाच्या नांगराचा घसारा धरता, तर नांगरामागे चालणाऱ्या हाडामांसाचा का धरत नाही? भाव ठरवताना तो धरला असता, तर उपचाराला दान मागण्याची पाळी आली नसती. आपल्या घामाच्या पैशातून आपला गुडघा आपणच दुरुस्त केला असता.

शेवटची गोष्ट आपल्याच घराची. बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर येतो. ट्रॅक्टर बंद पडला तर रात्रीतून सुटा भाग आणतो. घरातली बाई लंगडली तर तिला तेलाची वाटी मिळते आणि वर्षे निघून जातात. बाहेर सरकारला घसारा मागायचा आणि घरात मात्र तिच्या गुडघ्याचा हिशोब ठेवायचा नाही, हे आम्हाला पटत नाही. वेचणीच्या पैशातून पहिली दुरुस्ती कशाची करायची, ते या साली घरात बसून ठरवा. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावातल्या दुखऱ्या गुडघ्यांची यादी घेऊन या: नाव, वय, किती वर्षे निंदण-वेचणी केली, आजवर काय काय उपचार केले. ही यादी घेऊन आपण जिल्हा रुग्णालयात जाऊ.

गुडघे टेकणे म्हणजे हार मानणे, असा आपल्या भाषेत अर्थ आहे. चाळीस वर्षे गुडघे टेकून ज्यांनी काळी माती पिकवली, त्यांनी हार मानली नव्हती. त्यांना ताठ चालता यावे, एवढे तरी देणे आपण लागतो.